चहाच्या दुकानांचा संगणक : 'एमआयएस' या विषयाचे विसरलेले जन्मस्थान

(दीर्घ धागा)

व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गात 'एमआयएस', म्हणजेच व्यवस्थापन माहिती प्रणाली, हा विषय सुरू झाला की फळ्यावर बहुधा एक त्रिकोण काढला जातो. तळाशी रोजचे व्यवहार, मधोमध नियंत्रण, शिखरावर धोरण. माहिती खालून वर चढते आणि चढता चढता आटते. निर्णय वरून खाली उतरतात. हा त्रिकोण हार्वर्डच्या रॉबर्ट अँथनी यांनी १९६५ साली मांडलेल्या त्रिस्तरीय वर्गीकरणावरून आला आहे. परंतु ज्या व्यवस्थेचे ते चित्र आहे, ती त्याच्या चौदा वर्षे आधीच लंडनमध्ये प्रत्यक्षात चालू झाली होती. ती चालविणारी कंपनी यंत्रे बनविणारी नव्हती. ती पाव आणि केक भाजत असे, आइस्क्रीम बनवीत असे आणि चहा विकत असे.

कंपनीचे नाव जे. लायन्स अँड कंपनी. तिची सूत्रे सॅमन आणि ग्लकस्टाइन या नात्यागोत्यातल्या दोन कुटुंबांकडे होती. त्यांचा मूळ व्यवसाय तंबाखूचा. खाद्यपदार्थांच्या धंद्याला आपले नाव नको म्हणून त्यांनी जोसेफ लायन्स या भागीदाराचे नाव पुढे केले. १८९४ साली पिकॅडिलीत पहिले चहागृह उघडले आणि पुढच्या काही दशकांत लंडनच्या रस्त्यांवर लायन्सच्या पांढऱ्या-सोनेरी पाट्या सर्वत्र दिसू लागल्या. त्यांच्या चपळ परिचारिकांना लोक 'निप्पी' म्हणत. हॅमरस्मिथमधील कॅडबी हॉल हे मुख्यालय म्हणजे भट्ट्या, कोठारे आणि कचेऱ्यांचे एक लहानसे नगरच होते.

या धंद्यातली मेख त्याच्या आकारातच होती. जहाज विकणारी कंपनी वर्षाकाठी मोजकीच बिले फाडते. लायन्सचे बिल काही पेन्सचे असे आणि अशी बिले रोज लाखोंनी होत. प्रत्येक बिलामागे नफा अत्यल्प. पण ते लिहिणे, तपासणे, बेरजेत घेणे आणि खात्यावर चढविणे यांचा खर्च मोठ्या बिलाइतकाच. रोजकीर्द आणि खतावणी ही जोडी मराठी दफ्तरांना परिचित आहे : घडले तसे कीर्दीत लिहावे आणि मग खातेनिहाय खतावणीत उतरवावे. लायन्समध्ये हे काम करण्यासाठी कारकुनांची फौज होती आणि तीत तरुण मुलींचा भरणा मोठा होता. चहाच्या कपावरचा नफा त्या कपाची नोंद ठेवण्यातच जिरून जाण्याची भीती कायम असे.

१९२३ साली या कंपनीत जॉन सिमन्स नावाचा केंब्रिजचा गणितज्ञ नोकरीस लागला. गणिताच्या पदवीधराने चहाच्या कंपनीत काय करावे, हा प्रश्न तेव्हाही अनेकांना पडला असेल. सिमन्स यांनी मात्र कचेरीलाच अभ्यासाचा विषय बनविले. त्यांचा आग्रह असा की कचेरी ही केवळ घडून गेलेल्याची नोंद ठेवण्याची जागा नाही. कारभार पाहणाऱ्याला हवे ते हव्या वेळी कळविणे हे तिचे खरे काम आहे. १९३०च्या दशकाच्या आरंभी लायन्सने कार्यपद्धतींच्या संशोधनासाठी एक स्वतंत्र विभागच स्थापन केला. त्यातील माणसे प्रत्येक कागदामागे धावत. हा तक्ता कोण भरतो? कोणासाठी? ज्याच्यासाठी भरला जातो तो तो वाचतो का? वाचून काय करतो? उत्तर समाधानकारक नसेल तर तो तक्ताच बंद होई.

संगणक हा शब्द या कंपनीच्या दारात पोहोचण्यापूर्वी दीड दशक तेथे हे काम चालू होते. पुढचे सारे या एका गोष्टीवर उभे आहे.

१९४७ साली सिमन्स यांनी टी. आर. थॉम्प्सन आणि ऑलिव्हर स्टँडिंगफोर्ड या आपल्या दोन सहकाऱ्यांना अमेरिकेस पाठविले. युद्धकाळात तिकडे कार्यालयीन पद्धतींत काही नवे घडले आहे का, हे पाहणे हा हेतू. त्या बाबतीत फारसे हाती लागले नाही. परंतु तोफगोळ्यांच्या मार्गाची कोष्टके करण्यासाठी बांधलेल्या 'एनिॲक' या इलेक्ट्रॉनिक यंत्राविषयी त्यांनी वाचले होते, म्हणून ते प्रिन्स्टनला हर्मन गोल्डस्टाइन यांच्या भेटीस गेले. जे यंत्र गोळ्याचा मार्ग काढते, ते केकची किंमत का काढणार नाही, असा त्यांचा प्रश्न होता. गोल्डस्टाइन यांनी तो हसण्यावारी नेला नाही. उलट असेच एक यंत्र तुमच्याच देशात, केंब्रिज विद्यापीठात, मॉरिस विल्क्स बांधीत आहेत, हे त्यांनी सांगितले. लंडनहून केंब्रिजला जाण्याची वाट अशी प्रिन्स्टनवरून गेली.

केंब्रिजच्या 'एडसॅक' या यंत्रासाठी लायन्सने ३००० पौंडांची देणगी दिली आणि आपला एक तंत्रज्ञही मदतीस धाडला. ६ मे १९४९ रोजी एडसॅकने पहिला कार्यक्रम यशस्वीपणे पार पाडला आणि त्यानंतर लायन्सने स्वतःचे यंत्र बांधण्याचा निर्णय पक्का केला. बाजारात विकत घेण्याजोगे तसे यंत्र तेव्हा नव्हते. युद्धकाळात रडारवर काम केलेले जॉन पिंकर्टन मुख्य अभियंता झाले. यंत्राचे नाव 'लायन्स इलेक्ट्रॉनिक ऑफिस', संक्षेपाने 'लिओ'. त्याच्या नावातच 'गणक' नाही, 'कचेरी' आहे.

यंत्राची स्मृती पाऱ्याने भरलेल्या नळ्यांमध्ये, ध्वनिलहरींच्या रूपाने साठविलेली असे. एडसॅकच्या चौपट असूनही ती आजच्या हिशेबाने जेमतेम पावणेनऊ किलोबाइट भरते. मोबाइलवर रोज सकाळी येणाऱ्या 'सुप्रभात'च्या चित्राला याहून कितीतरी अधिक जागा लागते. पण पिंकर्टन यांच्यापुढचा खरा पेच स्मृतीचा नव्हता. शास्त्रज्ञ यंत्राला थोडेसे आकडे देतो आणि त्यावर प्रचंड आकडेमोड करून घेतो. कचेरीत नेमके उलटे असते : प्रत्येक नोंदीवर गुणाकार-बेरीज किरकोळ, पण नोंदी हजारो. आकडे आत घालणे आणि बाहेर काढणे यातच वेळ जाई व यंत्राचा 'मेंदू' रिकामा बसून राही. चुंबकीय फीत वापरून हा प्रश्न सोडविण्याचा प्रयत्न एका बाहेरच्या कंपनीकडे सोपविला गेला. तो फसला आणि बराच काळ वाया गेला. अखेर छिद्रांच्या कागदी पट्ट्या व कार्डे वाचणारी अनेक साधने एकाच वेळी जोडून पिंकर्टन यांनी मार्ग काढला.

५ सप्टेंबर १९५१ रोजी चाचणी आणि २९-३० नोव्हेंबर १९५१ पासून प्रत्यक्ष काम. कामाचे नाव 'बेकरी व्हॅल्युएशन्स', म्हणजे भट्टीच्या उत्पादनाचे मूल्यांकन. कोणता पाव, केक किंवा पाय किती नग तयार झाला, त्यात साहित्य व मजुरी किती गेली, तो चहागृहांकडे किती गेला आणि घाऊक विक्रीस किती, या साऱ्याचे मूल्य लिओ काढू लागला. नियमितपणे चालविलेले जगातील पहिले व्यापारी संगणककार्य म्हणून याचा उल्लेख होतो. कामाची निवडही विचारपूर्वक होती. यंत्र मध्येच बंद पडले असते तरी कोणाचा पगार अडला नसता.

पगाराची पाळी १९५४च्या आरंभी आली. एका कर्मचाऱ्याचा पगार काढण्यास अनुभवी कारकुनाला सुमारे आठ मिनिटे लागत. लिओला दीड सेकंद. वृत्तपत्रांना भावला तो हाच आकडा आणि आजही लिओची ओळख बहुधा त्यावरूनच करून दिली जाते. इतिहासाच्या दृष्टीने मात्र तो तितकासा महत्त्वाचा नाही. त्यात जुनेच काम वेगाने झाले, इतकेच. ऑक्टोबर १९५४ मध्ये सुरू झालेले काम वेगळ्या जातीचे होते.

प्रत्येक चहागृहाची एक व्यवस्थापिका असे. दुसऱ्या दिवशी किती पाव, किती केक, किती आइस्क्रीम लागेल, हे तिला आदल्या दिवशी कळवावे लागे. जास्त मागविले तर माल वाया, कमी मागविले तर गिऱ्हाईक परत. पूर्वी ती भलेमोठे मागणीपत्र रोज भरीत असे, ते मुख्यालयात येई आणि तेथे त्याची फोड करून भट्टी, बांधणी, वाहतूक व हिशेब अशा खात्यांसाठी वेगवेगळे कागद तयार होत. लायन्सच्या पद्धतकारांनी विचारले : ही बाई रोज एवढे लिहिते, त्यातले खरोखर नवे काय असते? सोमवारची मागणी बहुतेक सोमवारी सारखीच असते.

मग प्रत्येक चहागृहाची वारानुसार ठरीव मागणी लिओकडे देण्यात आली. व्यवस्थापिकेने दूरध्वनीवरून फक्त बदल सांगायचा : उद्या पावसाची चिन्हे आहेत, आइस्क्रीम कमी करा, शेजारी सभा आहे, केक वाढवा. कॅडबी हॉलमध्ये कानाला श्रवणयंत्र लावून बसलेल्या मुली ऐकता ऐकताच तो बदल कार्डावर छिद्रांकित करीत. लिओ ठरीव मागणी आणि बदल यांची सांगड घालून भट्टीला काय भाजायचे, बांधणीवाल्यांना कोणत्या दुकानाचे खोके कसे भरायचे आणि हिशेबनिसाला काय खर्ची टाकायचे, हे एकाच फेरीत छापून देई.

यातले मर्म वेगाहून निराळे आहे. जे ठरल्याप्रमाणे चालले आहे त्याची वार्ता देण्याची गरज नाही. जे बदलले आहे तेवढेच सांगावे, हे तत्त्व येथे प्रथमच यंत्राच्या रचनेत उतरले. आणि काय बदलावे याचा निर्णय यंत्राकडे गेला नाही, मुख्यालयातल्या साहेबाकडेही गेला नाही. रस्त्यावरची वर्दळ आणि आभाळ रोज पाहणाऱ्या बाईकडेच तो राहिला. लिओच्या इतिहासात अभियंत्यांची आणि संचालकांची नावे ठळक आहेत. त्या दूरध्वनीच्या दोन्ही टोकांना असलेल्या बायकांची नावे सहसा कोठे सापडत नाहीत. माहिती प्रणालीतली माहिती मुळात ज्यांच्या तोंडून आली त्याच तिच्या इतिहासातून गळाल्या, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

या साऱ्या कामांचे आराखडे आखणारे डेव्हिड कॅमिनर यांना पुढे जगातले पहिले 'सिस्टिम्स ॲनालिस्ट' म्हटले गेले. त्यांचा दरारा मोठा होता. आराखड्यातली एकही फट त्यांना खपत नसे, कारण पाऱ्याच्या नळ्यांच्या त्या यंत्राला 'समजून घ्या' असे सांगण्याची सोय नव्हती.

आता प्रश्न माणसांचा. हे काम जाणणारी माणसे विद्यापीठे तयार करीत नव्हती. तेव्हा लायन्सने आपल्याच कर्मचाऱ्यांसाठी संगणकाची ओळख करून देणारा एक छोटा अभ्यासक्रम चालू केला : दिवसा व्याख्याने, रात्री गृहपाठ आणि त्यावरून निवड. धंद्यातल्या माणसांना माहिती प्रणाली शिकविणारा हा जगातला अगदी आरंभीचा वर्ग. १९५२ साली त्यातून निवडल्या गेलेल्यांत फ्रेंच भाषेच्या पदवीधर मेरी कूम्ब्स होत्या. व्यापारी संगणकासाठी कार्यक्रम लिहिणाऱ्या पहिल्या स्त्रियांत त्यांची गणना होते. त्याच सुमारास निवडले गेलेले दुसरे नाव फ्रँक लँड. १९२८ साली बर्लिनमध्ये जन्म, १९३९ साली नाझी राजवटीतून सुटून ब्रिटनमध्ये आश्रय, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्राचे शिक्षण आणि मग लायन्समध्ये खर्चाच्या हिशेबाची नोकरी. दोघांपैकी कोणीही अभियंता नव्हते.

लायन्सने १९५४ मध्ये संगणक विकण्यासाठी स्वतंत्र कंपनी काढली. फोर्डसारख्या कंपन्यांचे पगार लिओवर निघू लागले, ब्रिटिश रेल्वेसाठी स्थानकांमधील अंतरे त्याच्यावर काढली गेली. पण यंत्रांच्या नव्या पिढ्या बांधण्यास लागणारे भांडवल चहाच्या नफ्यातून निघेना. १९६३ मध्ये हा व्यवसाय इंग्लिश इलेक्ट्रिकमध्ये विलीन झाला, पुढच्या वर्षी लायन्सने आपला हिस्साही विकला. १९६५च्या जानेवारीत पहिला लिओ कायमचा बंद झाला. तत्पूर्वी १९६२ साली सिमन्स यांनी आपल्या अनुभवावर पुस्तक लिहिले होते. त्याचे नाव 'लिओ अँड द मॅनेजर्स'.

यानंतर विषय विद्यापीठात गेला. १९६७ मध्ये फ्रँक लँड लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये परतले. शासनपुरस्कृत राष्ट्रीय संगणन केंद्राने तेथे प्रणाली-विश्लेषणाच्या अध्यापनासाठी आणि संशोधनासाठी पैसा दिला होता. १९८२ मध्ये ते तेथे या विषयाचे प्राध्यापक झाले. अटलांटिकपलीकडे मिनेसोटा विद्यापीठात गॉर्डन डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये 'व्यवस्थापन माहिती प्रणाली' या नावाने पदव्युत्तर व डॉक्टरेटचे शिक्षण सुरू केले. डेव्हिस यांचे १९७४चे पाठ्यपुस्तक पुढे अनेक देशांतल्या अभ्यासक्रमांचा सांगाडा ठरले. फळ्यावरचा त्रिकोण घरोघरी पोहोचला तो अशा पुस्तकांमधून.

मधल्या काळात एक उलटापालट होऊन गेली होती. १९६४ मध्ये आयबीएमची 'सिस्टिम/३६०' ही यंत्रमालिका आली आणि मोठमोठ्या कंपन्यांनी आधी यंत्र घेतले, मग त्याचे करायचे काय, याचा विचार सुरू केला. लायन्समध्ये क्रम नेमका विरुद्ध होता. विक्रेते सांगत की लवकरच कंपनीतले सर्व काही एका जागी साठेल आणि अध्यक्षांच्या मेजावर कळ दाबताच उमटेल. यंत्रे रात्रभर छापीत राहत आणि सकाळी साहेबांच्या मेजावर कागदांचे गठ्ठे पडत.

या धामधुमीत १९६७ च्या डिसेंबरमध्ये 'मॅनेजमेंट सायन्स' या नियतकालिकात रसेल ॲकॉफ यांचा लेख आला. शीर्षकातच चिमटा होता : 'मॅनेजमेंट मिसइन्फर्मेशन सिस्टिम्स'. व्यवस्थापकांना माहिती कमी पडते हे गृहीतकच ॲकॉफ यांनी नाकारले. त्यांच्या मते व्यवस्थापक निरुपयोगी माहितीखाली दबलेला असतो. त्याला आणखी पुरवठा नको, चाळणी हवी. दुसरे गृहीतक असे की काय हवे ते व्यवस्थापकालाच विचारावे. तेही त्यांना अमान्य. निर्णय कसा घेतला जातो हे ज्याला स्वतःलाच नीट उमगलेले नाही, तो धोका नको म्हणून 'सगळेच द्या' असे म्हणणार.

तिसरा घाव सर्वांत खोल होता : विभागाविभागांत माहितीची देवाणघेवाण वाढली की कामकाज सुधारतेच, असे नाही. ॲकॉफ यांचे उदाहरण एका मोठ्या दुकानाचे आहे. खरेदी विभागाचे मूल्यमापन साठा किती कमी ठेवला यावर, विक्री विभागाचे नफा किती मिळविला यावर. माल संपू नये म्हणून विक्रीवाले मागणीचा अंदाज फुगवून सांगत. खरेदीवाल्यांना हे कळले तसे ते अंदाज कापू लागले. ते कापतात हे विक्रीवाल्यांना कळले तसे त्यांनी आपली चाल बदलली. एकमेकांचे मनसुबे दोघांना जितके स्वच्छ दिसू लागले, तितकी खरेदी घटत गेली. हा खेळ असाच चालू दिला असता तर अखेरीस दुकानात ना खरेदी उरली असती, ना विक्री. दोष माहितीत नव्हता. दोन विभागांना दिलेली मापेच एकमेकांच्या विरोधात होती.

१९७२ मध्ये जॉन डिअर्डन यांनी 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मध्ये तर सारी कल्पनाच मृगजळ ठरविली. संपूर्ण कंपनीची एकच माहिती प्रणाली एखादा तज्ज्ञगट बांधू शकेल, हे त्यांना मान्य नव्हते. त्यांचा सूर अतिरेकी वाटतो. लायन्सने ठरीव मागणीपुरती का होईना, चार खात्यांची एक व्यवस्था करून दाखविली होती. परंतु ती करण्यापूर्वी त्यांची माणसे वर्षानुवर्षे तक्त्यांमागे धावली होती, हे डिअर्डन यांच्या काळातले बहुतेक ग्राहक विसरले होते, किंवा त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

मँचेस्टरच्या एनिड ममफर्ड यांनी याच सुमारास आणखी एक प्रश्न लावून धरला. प्रणाली ज्यांच्या कामात शिरणार, त्या कारकुनांना तिच्या आखणीत स्थान का नसावे? त्यांनी अनेक कार्यालयांत प्रत्यक्ष काम करणाऱ्यांना आराखड्याच्या मेजावर बसविले. चहागृहाच्या व्यवस्थापिकेचा दूरध्वनी येथे पुन्हा आठवतो.

आणि स्वतः लायन्सचे काय झाले? १९७०च्या दशकात कंपनीने परदेशांत मोठी खरेदी केली. अमेरिकेतील बास्किन-रॉबिन्स ही आइस्क्रीमची साखळीही त्यात होती. या विस्तारासाठी परकीय चलनात कर्जे काढली होती. पौंड घसरला, व्याज चढले आणि कर्जाचा बोजा पेलेनासा झाला. १९७८ मध्ये अलाइड ब्रुअरीज या मद्यनिर्मात्या कंपनीने लायन्स ताब्यात घेतली. सोमवारी कोणत्या दुकानात किती केक लागतील, हे ज्या कंपनीला अचूक कळत होते, तिला बुडविणारा निर्णय त्रिकोणाच्या शिखरावर, संचालकांच्या खोलीत झाला होता. तेथपर्यंत कोणतेही छिद्रांकित कार्ड पोहोचत नव्हते.

१९८३ मध्ये कॅडबी हॉल पाडण्यात आला. माहिती प्रणालींच्या अध्यापकांची आंतरराष्ट्रीय संघटना १९९९ पासून आजीवन कार्यासाठी एक पुरस्कार देते. त्याचे नाव 'लिओ'. पहिल्या वर्षीच्या मानकऱ्यांत एनिड ममफर्ड होत्या आणि २००३ मध्ये तो फ्रँक लँड यांना मिळाला.